प्रवाळ मिटलंय? आधी हात आवरा
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं : घरातला समुद्री टँक

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत आली आहे : प्रवाळ नीट उघडत नाही, त्याला टँकमध्ये कुठे ठेवू? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. आकडे वाचकांनी कळवले तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : तीन फुटी टँक आहे, ३६ × १८ × १८ इंच. त्यात पाच इंच रुंद टोपीचं टोडस्टूल लेदर कोरल आहे. नऊ दिवस झाले, ते पूर्ण मिटलंय आणि टोपीवर चकाकी आली आहे. उजेड कमी पडतो की काय म्हणून वरच्या दगडावर नेलं, मग वेव्हमेकरच्या (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) समोर ठेवलं, आता खाली वाळूवर आहे. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं वापरतो. ते वाचेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वर्णनावरून ते मरत नसून कात टाकतंय असं दिसतं. सार्कोफायटन वंशातली ही लेदर कोरल्स अधूनमधून अंगावर मेणासारखा पातळ पापुद्रा धरतात आणि त्यावर बसलेल्या गाळ-शेवाळासकट तो सोडून देतात. हे चालू असताना पॉलिप, म्हणजे टोपीवरची फुलासारखी बारीक तोंडं, आत ओढलेले असतात आणि टोपी गुळगुळीत, चकचकीत दिसते. कधी तीन-चार दिवसांत आटोपतं, कधी दोन आठवडे जातात. पापुद्रा सुटला की पॉलिप पुन्हा बाहेर येतात.

तरी खात्री करून घ्या. पंप बंद करून देठाला बोटाने हलकेच दाबा. देठ घट्ट, रबरासारखा लागला, रंग एकसारखा असला आणि कुजका वास नसला तर काळजीचं कारण नाही. देठ पिचपिचीत लागला, एखादा काळपट-तपकिरी डाग रोज पसरत असला किंवा बाहेर काढल्यावर दुर्गंधी आली, तर मात्र ती कूज आहे. मग वेगळ्या भांड्यात टँकचंच पाणी घेऊन नव्या ब्लेडने कुजलेला भाग कापायचा. आत स्वच्छ, घट्ट मांस दिसेपर्यंत कापा, थोडा चांगला भाग गेला तरी चालेल. लेदर कोरल कापण्याने दगावत नाही, अर्धवट ठेवलेल्या कुजीने दगावतं. भांड्यातलं पाणी परत टँकमध्ये ओतू नका.

जागेचं म्हणाल तर वाळू सोडून कुठेही बरी, कारण वाळूवर गाळ बसतो आणि पापुद्रा निघायला वाहतं पाणी लागतं. टँकच्या मधल्या उंचीवर, १०० ते १५० पार मिळेल अशा सपाट दगडावर ठेवा. पार म्हणजे प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला वापरता येतो तेवढा प्रकाश. तो पाण्याखालच्या पार मीटरने मोजतात. वेव्हमेकरची धार थेट अंगावर नको. ती समोरच्या काचेवर आपटून परत येताना टोपीची कड हलेल इतपत हवी. सुटत आलेला पापुद्रा बोटांनी ओढू नका. औषधाच्या दुकानात मिळणारी ६० मिलीची सिरिंज सुई न लावता घ्या आणि टँकचंच पाणी तिने टोपीवर हलकेच मारा, दिवसातून एकदा.

पापुद्रा टाकताना लेदर कोरल टर्पीन जातीची रसायनंही पाण्यात सोडतं आणि ती शेजारच्या प्रवाळांना सोसत नाहीत. तुमच्या साधारण १९० लिटरच्या टँकला कपभर ॲक्टिव्हेटेड कार्बन पुरेल. आधी आरओच्या पाण्यात काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवा, जाळीच्या पिशवीत घालून पाणी वाहतं अशा जागी ठेवा, तीन-चार आठवड्यांनी बदला.

आता पाण्याकडे वळू, कारण आमची खरी शंका तिथेच आहे. स्वयंपाकघरातला आरओ माणसांना पिण्यासाठी केलेला असतो. त्यातल्या टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलरमधून थोडं कच्चं पाणी चवीसाठी परत मिसळलं जातं आणि पुढे बहुतेक वेळा मिनरल काडतूस असतं. टीडीएस मीटर बुडवून पाहा. मीठ घालायच्या आधीच्या पाण्याचा आकडा शून्य हवा. एक-दोन चालेल, साठ-सत्तर चालणार नाही. तुमचा आरओ 'कॉपर'वाला असेल तर त्याचं पाणी टँकमध्ये घालणं आजच थांबवा. तांबं माणसाला पथ्याचं वाटलं तरी प्रवाळ, झिंगे, शंख यांना अगदी थोड्या प्रमाणातही विषारी असतं. मेम्ब्रेनच्या लगेच पुढून, म्हणजे टीडीएस कंट्रोलर आणि मिनरल काडतुसाच्या आधी, टी-जोड काढून त्याला उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचं भांडं लावून घ्या. आरओ दुरुस्त करणारा माणूस हे अर्ध्या तासात करून देतो.

आणि नऊ दिवसांत तीन जागा झाल्या, आता चौथी ठरवून द्या आणि दोन आठवडे तिला हात लावू नका. नवीन उजेडाशी जुळवून घ्यायला प्रवाळाला आठवडे लागतात. दर तीन दिवसांनी उजेड आणि प्रवाह दोन्ही बदलले की चांगलं प्रवाळही मिटून बसतं. मग ते जागेमुळे मिटलं की हलवण्यामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : ४० गॅलनचा ब्रीडर टँक आहे. चार फांद्यांचं हॅमर कोरल महिनाभर छान फुलत होतं. दहा दिवसांपासून अर्धवटच उघडतंय. एका फांदीच्या कडेचं मांस वर सरकून खाली पांढरा सांगाडा दिसायला लागलाय. ते डाव्या बाजूला, वेव्हमेकरपासून सात-आठ इंचांवर आहे. चार इंचांवर टॉर्च कोरल आहे. अल्कलिनिटी (बायकार्बोनेटचं मोजमाप, डीकेएच या अंशांत) ७.८ डीकेएच होती, सप्लिमेंट सुरू केल्यावर पाच दिवसांत ११.२ झाली. कॅल्शियम ४३०, खारेपणा ३५ पीपीटी, तापमान ७८ फॅरनहाइट. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य. उजव्या कोपऱ्यात हलवू का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : हलवा, पण एकदाच. आणि हलवल्यावर ते लगेच सुधारेल अशी अपेक्षा धरू नका, कारण पत्रातली खरी बातमी अल्कलिनिटीच्या आकड्यात आहे.

हॅमर कोरल पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतं. ७.८ हा आकडा वाईट नव्हता, ११.२ सुद्धा एकटा जीवघेणा नाही. पाच दिवसांत तीन-साडेतीन अंशांची उडी मात्र त्याला सोसत नाही, आणि पोषक शून्यावर असताना तर मुळीच नाही. मांस सांगाड्यावरून मागे सरकणं हे त्याचं नेहमीचं लक्षण. सप्लिमेंट थांबवा. आकडा खाली आणायला कोणतंही आम्ल घालू नका. प्रवाळ आणि दगडांवरचं गुलाबी शैवाल तो आपोआप खाली आणतील. साडेआठच्या आसपास आला की रोज ठराविक वेळी मोजा, चोवीस तासांत किती घटतो ते पाहा आणि तेवढीच भर रोज घाला. दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त वाढ कधीही करू नका.

नायट्रेट-फॉस्फेट शून्य म्हणजे पाणी स्वच्छ, असं नाही. प्रवाळातल्या शैवालाला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात. ते नसले की प्रवाळ फिकट पडतं आणि टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर येण्याची भीती असते. फॉस्फेट शोषणारी ग्रॅन्युल्स वापरत असाल तर काढून टाका, माशांना थोडं जास्त खायला द्या, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) रात्री काही तास बंद ठेवा. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात यायला दोन-तीन आठवडे लागू द्या.

आता जागा. वेव्हमेकरपासून सात-आठ इंच हे हॅमरसाठी फारच जवळ आहे. प्रवाह योग्य असला की सोंडा पुढे जातात, परत येतात, मध्येच क्षणभर स्थिर होतात. सगळ्या सोंडा एकाच बाजूला झोपून राहिल्या, किंवा एका बाजूचं मांस सांगाड्याच्या धारेवर ताणून चिकटलेलं दिसलं, की प्रवाह जास्त आहे. त्या सांगाड्याच्या कडा चाकूसारख्या असतात, ताणलेलं मांस त्यांच्यावर घासून फाटतं. तुमच्या ज्या फांदीचं मांस सरकलंय ती वेव्हमेकरच्या बाजूचीच आहे का, ते बघा. असली तर प्रवाहाचा वाटाही नक्की आहे. उलट सोंडा अजिबात हलत नसल्या आणि फांद्यांच्या बेचक्यात गाळ साठत असला तर प्रवाह कमी आहे.

उजेड ८० ते १५० पारमध्ये हॅमरला पुरतो. तुमच्या टँकची उंची फक्त सोळा इंच, त्यामुळे खालच्या तिसऱ्या भागातली एखादी जागा बघा, दिव्याच्या बरोबर मध्याखाली नको. आजारी प्रवाळाला पट्ट्याच्या खालच्या टोकाला, ८०-१०० च्या आसपास ठेवलेलं बरं.

टॉर्चपासून चार इंच हे अंतर धोक्याचं. टॉर्चच्या सोंडा दिवसा दिसतात त्याहून रात्री लांबतात. दिवे गेल्यावर दोन तासांनी लाल प्रकाशात बघा, कुठवर पोचतात ते कळेल. दोघांत किमान आठ इंच ठेवा आणि प्रवाह टॉर्चकडून हॅमरकडे जाणार नाही असं बघा. हॅमर आणि त्याच्या जवळच्या नात्यातलं फ्रॉगस्पॉन कोरल एकमेकांना बहुधा सोसतात, टॉर्च दोघांनाही पोळतं. शौकिनांना हे आधीपासून ठाऊक होतं. पुढे शास्त्रज्ञांनीही हॅमर आणि फ्रॉगस्पॉनला युफिलिया वंशातून काढून फिम्ब्रियाफिलियात घातलं आणि टॉर्च युफिलियातच राहिलं.

हलवतानाच बहुतेक नुकसान होतं, म्हणून हे नीट करा. सगळे पंप बंद करा. हाताने प्रवाळाभोवतीचं पाणी हळूहळू ढवळत राहा. ते दचकून मांस आत घेईल, पूर्ण आत जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा. मग बोटं सांगाड्याच्या मृत भागालाच लावून उचला. फुगलेल्या अवस्थेत पाण्याबाहेर काढलं तर आतल्या पाण्याच्या वजनाने मांस लोंबतं आणि सांगाड्याच्या कडेवर कापलं जातं. शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका, पाण्यातल्या पाण्यात सरकवा. नवी जागा पक्की करायची घाईही नको. प्रवाळाचे तुकडे ठेवायला काचेला चुंबकाने चिकटणारं फ्रॅग रॅक मिळतं, त्यावर ते दोन आठवडे ठेवून बघा. रोज दिवे लागल्यावर तीन तासांनी, त्याच कोनातून एक फोटो काढा. 'काल जरा बरं होतं' या आठवणीवर भरवसा नसतो, फोटोतली पांढरी पट्टी वाढली की थांबली हे स्पष्ट दिसतं.

एका गोष्टीला मात्र थांबायचं नाही. सरकलेल्या मांसावर तपकिरी, शेंबडासारखा चिकट थर दिसला तर तो ब्राउन जेली आहे. तो एका फांदीवरून दुसरीवर दिवसभरात जाऊ शकतो. पंप बंद करून बारीक नळीने तो थर ओढून बाहेर टाका, प्रवाळ वेगळ्या भांड्यात घ्या, बाधित फांदी जिवंत मांसाच्या बऱ्याच खाली, कोरड्या सांगाड्यावर करवतीने कापून टाका, उरलेल्याला आयोडीनचा डिप बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ द्या. फांद्यांचं हॅमर असण्याचा हाच फायदा : एक फांदी गेली तरी बाकीच्या वाचतात. भिंतीसारखं एकसंध हॅमर असतं तर ही सोय नव्हती.

मिटलेल्या प्रवाळाला खायला घालू नका, अन्न तोंडाशी सडतं. निम्म्याहून जास्त उघडायला लागलं की आठवड्यातून दोनदा, फांदीमागे एक-दोन बारीक मायसिस (झिंग्यासारखे छोटे जीव) पुरे.

भारतातल्या वाचकांसाठी : हॅमर, टॉर्च, ॲक्रोपोरा अशी दगडी सांगाड्याची सगळी प्रवाळं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात. दुकानदार काहीही सांगो, त्यांच्या फंदात पडू नका. या सदरातल्या भारतातल्या बाकीच्या प्रश्नांत मऊ प्रवाळं, झोअँथिड (बटणासारख्या तोंडांचे, दगडी सांगाडा नसलेले प्रवाळाचे नातलग) आणि मशरूमच आहेत.

प्रश्न : एकाच दगडावर झोअँथिड आणि हिरवे मशरूम कोरल आहेत. झोअँथिडच्या दांड्या दीड-दोन इंच लांबल्या आहेत, मशरूम मात्र बटणाएवढे आकसून कडा वर वळल्या आहेत. एकाला उजेड कमी, एकाला जास्त, असं कसं होईल? दिवा पाण्यापासून आठ इंचांवर, निळा शंभर टक्के, पांढरा चाळीस.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : होतं, आणि तुमचं निदान बरोबर आहे. दगड एक असला तरी उजेड एक नसतो. दगडाच्या वर आलेल्या कडेखाली चार इंचांत पार निम्म्याहून खाली येतो. झोअँथिड अशाच कडेच्या सावलीत असणार आणि मशरूम उघड्यावर. मशरूमला ३० ते ८० पार भरपूर होतो, झोअँथिडला ५० ते १५० चालतो.

अनेकांची फसगत निळ्या दिव्याने होते. आपल्या डोळ्याला निळा उजेड मंद वाटतो, पण प्रवाळातलं शैवाल तो पुरेपूर वापरतं. शंभर टक्के निळ्यात टँक अंधारलेला दिसतो आणि मशरूम भाजून निघतात. मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲपही डोळ्याच्याच संवेदनेवर बेतलेलं असतं, त्यामुळे निळा उजेड ते कमी धरतं. पार मीटर विकत घेण्याइतका स्वस्त नाही. ओळखीच्या टँकवाल्याकडून एका दिवसासाठी मिळाला तर टँकच्या तळाशी, मध्यावर आणि वर, प्रत्येक पातळीवर पाच-सहा ठिकाणी मोजून कागदावर नकाशा करून ठेवा. दिवा तोच आहे तोवर तो नकाशा कामाला येतो.

मीटर नसेल तर असं करा. आधी दिवा सगळ्या रंगांत मिळून साठ टक्क्यांच्या प्रमाणात खाली आणा. म्हणजे निळा ६०, पांढरा २०-२५. आठवडाभर थांबा. मग मशरूमचा तुकडा दगडाच्या सावलीच्या बाजूला किंवा वाळूजवळ न्या आणि झोअँथिड उघड्यावर आणा. सावलीत वाढलेल्या झोअँथिडला एकदम पूर्ण उजेड दिला तर ते शैवाल बाहेर टाकून पांढरं पडेल, म्हणूनच दिवा आधी उतरवायचा. पुढे आठवड्याला पाच टक्के या बेताने चढवा आणि झोअँथिडच्या दांड्या आखूड होऊन तोंडं चपटी, सतरंजीसारखी पसरायला लागली की तिथेच थांबा. जुन्या लांब दांड्या आखूड होणार नाहीत, नव्या फुटणाऱ्या तोंडांकडे बघा. दिवा एकूण आठ-नऊ तास आणि त्यातला पूर्ण जोर पाच-सहा तास, याहून जास्त नको.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. या गटातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिजहाल विष असतं. १९७१ साली हवाईमधल्या पॅलिथोआतून ते प्रथम वेगळं काढण्यात आलं. दगड खरवडताना उडणारा एक थेंब डोळ्यात गेला तरी महाग पडतं. झोअँथिड असलेला दगड साफ करायला उकळत्या पाण्यात टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग, वाफेतून विष घरभर जातं आणि अख्खं कुटुंब रुग्णालयात पोचतं. बोटाला जखम असेल तर ते काम त्या दिवशी करू नका. नंतर हात साबणाने धुवा, ब्लेड वेगळं ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात टँकचं पाणी साडेएकतीस अंशांवर गेलं आणि लेदर आणि झेनिया ही मऊ प्रवाळं फिकट पडली. खाली गार असेल म्हणून तळाशी ठेवली तर चालेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पंप चालू असलेल्या टँकमध्ये वर-खाली तापमान सारखंच असतं, त्यामुळे गारव्यासाठी तळाशी नेण्यात अर्थ नाही. पण फायदा दुसऱ्या वाटेने होतो. उष्णता आणि तीव्र उजेड एकत्र आले की प्रवाळाचं शैवालाशी असलेलं नातं तुटतं. उजेड कमी झाला तर तोच उकाडा जास्त दिवस सोसतो. म्हणून प्रवाळ न हलवता दिवाच तीस टक्क्यांनी उतरवा आणि दिव्यांची वेळ संध्याकाळी सहा ते रात्री दोन अशी करा. दिव्याची उष्णता आणि दुपारची उष्णता एकावर एक चढत नाहीत.

नागपूरची हवा मे महिन्यात कोरडी असते हे तुमच्या पथ्यावर आहे. टँकचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन ते चार अंश सहज उतरतात. मुंबई-रत्नागिरीकडे दमट हवेत हाच पंखा फारसं काही करत नाही, तिथे चिलर किंवा एसीला पर्याय नाही. खोलीत कूलर असेल तर उत्तम, फक्त खिडकी उघडी ठेवा, नाहीतर हवा दमट होऊन पंखा निरुपयोगी होतो. त्याच खोलीत डास मारायचा स्प्रे मात्र मारू नका. कूलर आणि पंखा तो थेट पाण्यात पोचवतात आणि झिंगे आधी मरतात.

पंख्याची किंमत खारेपणात मोजावी लागते. वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. शंभर लिटरमधलं पाच लिटर उडालं की ३५ पीपीटीचे जवळजवळ ३७ होतात. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ, किंवा ऑटो टॉप-अप लावून, उडालेलं पाणी साध्या आरओ-डीआयच्या पाण्याने भरा, खाऱ्या पाण्याने नाही. बर्फ किंवा गोठवलेल्या बाटल्या टाकण्याची पद्धत सोडून द्या, तासाभरात तापमान खाली-वर होणं स्थिर तीस अंशांपेक्षा वाईट. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा एक पंप पृष्ठभाग खवळेल असा वर वळवा. वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

फिकट पडलेलं प्रवाळ म्हणजे मेलेलं नव्हे. मांस शाबूत असेल तर तापमान २६-२७ ला स्थिरावल्यावर काही आठवड्यांत रंग परततो. रंग येण्यासाठी दिवा वाढवायचा मोह आवरा. झेनियाचं काही सांगता येत नाही, ते एका रात्रीत विरघळतं आणि कधी महिनाभराने त्याच दगडावर पुन्हा उगवतं.

प्रश्न : मालवणच्या किनाऱ्यावर प्रवाळाचे तुटलेले, मेलेले तुकडे सापडतात. ते टँकमध्ये दगड म्हणून वापरता येतील का? शिवाय ते फुकट.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा मेलेला अवशेष बाळगणंही कायद्याच्या कक्षेत येतं. या अनुसूचीतल्या गुन्ह्यांना किमान तीन वर्षं कैद आहे, म्हणजे फुकट तर नक्कीच नाही. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे वेगळंच. तिथल्या तुकड्यांवर नवी प्रवाळं आणि शिंपले बसतात, ते तिथेच राहू द्या. टँकसाठी कृत्रिम सच्छिद्र सिरॅमिक दगड मिळतात. त्यांवर जिवाणू बसायला महिना-दोन महिने लागतात, पण सोबत नको ते किडे येत नाहीत.

प्रश्न : मशरूम कोरल कशानेच चिकटत नाही. सुपरग्लू लावला तरी सकाळी तरंगत असतो. टँकमध्ये त्याला ठरवलेल्या जागी बसवायचं कसं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मशरूमच्या अंगावर सतत बुळबुळीत चिकटा असतो, गोंद त्या चिकट्यालाच धरतो आणि रात्रीत मशरूम तेवढा थर सोडून निघून जातो. त्याला गोंद लावूच नका, स्वतः चिकटू द्या. दह्याच्या डब्यासारखं एखादं उथळ, स्वच्छ प्लास्टिकचं भांडं घ्या. रंगीत छपाई नसलेलं घ्या. तळाशी दाण्याएवढे दगडाचे खडे पसरा, त्यांवर मशरूम ठेवा आणि वरून जाळीचं कापड रबरबँडने ताणून बसवा. मच्छरदाणीचा जुना तुकडा चालतो, कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी नको. हे भांडं मंद प्रवाहात, ५० पारच्या आसपासच्या सावलीत ठेवा. एक-दोन आठवड्यांत मशरूमचा तळवा एखाद्या खड्याला धरतो. मग त्या खड्याच्या खालच्या बाजूला सायनोॲक्रिलेटचा जेल गोंद लावा, पातळ नको, जेलच. पाण्यात नेऊन दगडावर टेकवा आणि जरा फिरवत दाबून धरा, कारण पाणी लागताच गोंदावर साय धरते आणि ती मोडल्याशिवाय पकड येत नाही. जाळी काढण्याआधी भांडं हलकंसं तिरपं करून पाहा. मशरूम घरंगळला तर अजून आठवडाभर जाळी राहू द्या.